टेकडीवरची शेळी दिसायची तिला

माझं माहेर ह्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचं, दिलं इकडं उमरग्याच्या अंगाला. इथं बायका बोलता बोलता मदीच कानडी बोलत्यात, पयल्या साली मला तर आत्याबाई काय म्हणत्यात तेच कळायचं न्हाय, आत्याबाई म्हंजे माझी सासू. म्या तिसरी पास झाले, चौथीत बसले अन त्यो मोठा दुष्काळ पडला, आईबा खडी फोडायला गेले, म्या बी हातोडी घेतली, पाटी जी कोनाड्यात ठेवली ती ठेवलीच. गावात पाणी आलं, ज्वारी आली, पण माझी साळा काय परत आली न्हाय. मग लगीन झालं, मालक दूध सोसायटीत कॅन गाडीवर चढवायच्या कामाला, अन वरसाच्या आत सुजाता झाली. म्या तवा एवढीशीच व्हते ताई, लेकरू हातात घ्यायचं भ्या वाटायचं. अजून बी लई भ्या वाटतंय मला, कशाचं बी वाटतंय, आता तुमी लिहून घेताय तर तुमच्यापुढं बोलायचं बी वाटतंय.

तर ही सुजाता. डोळा कसा, घारीचा. टेकडीवर शेळी चुकली तर आत्याबाई म्हणायच्या सुजे, बघ गं, अन ही अंगणातनं सांगायची त्या बाभळीपल्याड हाय, कान हलवायली. दुधाची गाडी फाट्यावर वळली की सगळ्यांच्या आदी हिला दिसायची. अन पाठ तर असं व्हायचं की एकदा ऐकलं की झालं. आमी बौद्ध, विहारात पौर्णिमेला वंदना व्हती, पालीत असती, अर्थ आमाला बी नीट कळत न्हाय, पण ही पाच वरसाची असल्यापासनं धडाधडा म्हणायची. पुस्तक हातात धरून, पान उलटून. विहारातले तात्या, जे आमाला वंदना देत्यात, ते म्हणायचे पोरगी काय वाचतीया बघा. माझी छाती एवढी व्हायची.

अन साळंत मातर शून्य. दुसरीत दोन वरसं बसली. गुरुजीनं मला बोलवून घेतलं, म्हणले, बाई, तुमच्या पोरीला एक ओळ वाचता येत न्हाय, पुस्तक धरलं की डोळे चोळती, डोकं दुखतंय म्हणती, या वार्षिकला न्हाय वाचलं तर तिसरीत घालणार न्हाय, तिला कायतरी दुसरं काम शिकवा. म्या पदराचं टोक चावत उभी. घरी आले तर आत्याबाईला आदीच कळलेलं. त्या म्हणल्या, टेकडीवरची शेळी दिसती अन पुढ्यातलं अक्षर दिसत न्हाय व्हय? सोंगं हायेत सगळी. परीक्षा होऊ दे, न्हाय झाली पास तर माझ्या चार शेळ्या तिच्या हवाली. मला माझी कोनाड्यातली पाटी दिसायली ताई, जशीच्या तशी.

माझ्या मनात एकच, की ही वंदना वाचती म्हंजे वाचता येतंय, गुरुजीच खार खातोय. तात्यांनी सांगितलंच व्हतं, वैशाखातल्या पौर्णिमेला सुजाताच वाचंल, आन सरावाला पुस्तक घरी दिलं. एका दुपारी म्या म्हणलं आपुन बी शिकावं, तिच्या शेजारी बसले, ती म्हणायली अन म्या ओळीवर बोट फिरवायले. बोट चाललंय, चाललंय, अन मदीच चुकलं. ती भलतंच म्हणायली, बोटाखाली ते न्हायच. म्या म्हणलं माझंच चुकलं, म्या तिसरी पास. परत बघितलं. तर काय, दोन पानं चिकटलेली, मेणबत्तीचं मेण सांडलं असंल कवातरी, अन ही त्या चिकटलेल्या पानांच्या आतलं समदं म्हणून पुढं गेली, पान उलटलं बी न्हाय! काय सांगू तुम्हाला! ही वाचतच नव्हती. एवढी वरसं. म्या ठेवून दिली एक गालात. खोटारडे, विहारात बसून खोटं वाचतीस व्हय. ती रडली न्हाय, गालावर हात धरून म्हणली, आई, कागदावर मुंग्या असत्यात, म्या बघाय गेले की पळत्यात.

मला त्या हाताची लाज अजून वाटती.

चुलीतली राख घेतली, अंगणात भाकरीएवढा क काढला. हे काय हाय गं? म्हणली क. ग काढला, म काढला, स काढला, समदं तिनं सांगितलं. म्हंजे अक्षर येतंय. मग म्या म्हणलं हिनं कवा ऐकलं न्हाय असं काय लिहू, अन भिंतीपासनं पार गोठ्यापातूर वाकून वाकून लिहीत गेले, आज भाकरीसंगं गूळ हाय. ती एकेका अक्षरापाशी उभी राहून चालत गेली, गोठ्यापाशी पोचली अन वळून म्हणली, खरंच हाय का? म्या तितंच बसले राखेत. आत्याबाई बाहेर आल्या, म्हणल्या, आगं, अंगण कशाला घाण केलंस? म्या गूळ काढून दिला लेकीला, त्यांच्यादेखत. पयल्यांदाच.

मालकाला सांगितलं, हिच्या डोळ्यातच कायतरी हाय. ते म्हणले, आगं, गाडी तिलाच पयली दिसती. म्या म्हणलं, ते काय का असंना, उमरग्याला डोळ्याचं शिबिर हाय, मला दुधाच्या गाडीत बसवून द्या. बसवून दिलं. कॅनच्या मदी आमी दोघी, समदं अंग आंबूस वासाचं, अन माझ्या डोक्यात एकच, डोळा काढत्यात का काय, एकल्या बाईला आत घेत्यात का न्हाय. सुजी मातर म्हणायली, आई, त्यो बघ तिकडं टरक उलटलाय. मला रस्ता बी नीट दिसत नव्हता, डोळ्यात पाणी.

डॉक्टरनं थेंब घातले, उजेड पाडून बघितलं, मला विचारलं, लांबचं दिसतं ना हिला? म्या म्हणलं, व्हय, शेळी दिसती. तसा त्यो हसला, म्हणला, तिथंच फसता तुम्ही लोक. काई लेकरांचा डोळा लांब बघायचा असतो, जवळचं धरत न्हाय, मग डोकं दुखतं, अक्षर हलतं. पोरीचं डोकं चांगलंय, तुमच्या गुरुजीला सांगा. लोखंडी सांगाडा नाकावर घातला, त्यात भिंगं बदलत गेला, अन छापील कागद दिला. ती बघतच ऱ्हायली. बोट ठेवलं. मला म्हणली, आई, मुंग्या बसल्या.

चष्मा पंधरा दिवसानं आला, दुधाच्या गाडीतनंच, डायवरानं खिशात जपून आणला. जाड काचा, त्यात डोळे केवढे मोठे दिसायचे. पोरं बेडकी म्हणायली. आत्याबाई म्हणल्या, ही आता कुणाच्या गळ्यात बांधायची? म्या म्हणलं, कुणाच्या न्हाय, आदी साळंत जाऊ द्या. परीक्षेला चारच दिवस ऱ्हायले व्हते. परीक्षेदिशी गुरुजीनं धडा काढून दिला, तिनं अडखळत, बोट ठेवून, तीन ओळी वाचल्या. गुरुजीनं चष्म्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, म्हणले, तिसरीत बसवतो.

पण खरं सांगायचं ते पौर्णिमेचं. विहार भरलेला, तात्यांनी पुस्तक दिलं, अन ही अडखळायली! जी धडाधडा म्हणायची ती एकेक अक्षर लावायली. बाया कुजबुजल्या, चष्मा लागला अन पोरीचं होतं ते बी गेलं. तात्या हळूच म्हणले, बाळ, पाठ म्हण की. तिनं मान हलवली, न्हाय. आत्याबाईनं मला कोपर मारलं. अन ताई, म्या रडत व्हते ते लाजेनं न्हाय, ती खरं वाचत व्हती, म्हणून अडखळत व्हती, हे तितं मला एकलीलाच कळत व्हतं. मेणानं चिकटलेली पानं तिनं नखानं सोडवली, ते बी वाचलं. वंदना सरली, सगळे हात जोडून उठायले, तर ही थांबंना. पुस्तकाचं मागलं पान वाचायली. छापखान्याचं नाव, गाव, कितवी आवृत्ती, किंमत पाऊण रुपया. समदा विहार हसला, तात्या बी हसले. म्या न्हाय हसले. ते पान विहारात कुणीच कवा म्हणलं नव्हतं ताई, ते तिला पाठ असणार कुठनं?

आता चौथीत हाय. शेळ्या आत्याबाईच राखत्यात, कुरकुरत, पण तालुक्याला गेल्या की यष्टीची पाटी वाचायला हिलाच पुढं ढकलत्यात, अन सोबतच्या बायांना सांगत्यात, आमची नात हाय. माझी कोनाड्यातली पाटी बी म्या माहेराहून आणली, सांजच्याला ती मला चौथीचा धडा घालती, चुकलं की डोळे मोठे करून बघती त्या काचांतनं. भ्या वाटतंय ते वाटतंयच, काच फुटंल, पाचवीची साळा लांब हाय. पण जाईल ती. तुमची लेकरं बी सुखात ऱ्हावीत. आन हे लिहिलेलं आमाला धाडा, बारीक अक्षरात असलं तरी चालंल, घरात वाचणारी हाय.