पाकिटावरचा चांद

— बस ना, उभी कशाला राहतेस, डॉक्टर यायला अजून अर्धा तास हाय. नाव काय म्हणालीस, सरू ना? तर सरू, सुरुवात कुठून करायची विचारत होतीस — झाडूपासून. हसू नको, खरं सांगते. कोर्स असतो नर्सिंगचा, सहा महिन्यांचा, कर, जरूर कर, बारावी झालीस तू, दापोड्याच्या गोडाऊनात खोकी चिकटवत जन्म काढण्यापेक्षा कधीही बरं. पण कोर्सवाले तुला बीपी घ्यायला शिकवतील, माणूस कसा हाताळायचा ते न्हाय शिकवणार. ते हितं, या बाकड्यापाशी. पॉवरलूमवरचा कामगार शिफ्ट सुटून येतो, उभ्या उभ्या झोपेत, म्हणतो, "मनिषा दीदी, सुई लगा दो" — सुई न्हाय दिली तर त्याला वाटतं दवाच न्हाय केली. त्याला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मंग बीपीचा पट्टा बांधायचा. आल्या आल्या बांधलास तर मशीन खोटं बोलतं.

मी? मी कुठला कोर्स केलाय. शेलारहून लादी पुसायला आले होते, चौदा वर्षं झाली. डॉक्टरांच्या हाताखालची आधीची बाई लग्न होऊन गेली तवा डॉक्टर म्हणाले, मनिषा, वजन करशील का सगळ्यांचं. वजनावरून केसपेपर, केसपेपरवरून ड्रेसिंग, ड्रेसिंगवरून गोळ्यांची पाकिटं — भिंतीवरचं ते सर्टिफिकेट डॉक्टरांचं हाय, माझं न्हाय. बाहेर बोलू नको.

पाकिटांचं मात्र ध्यानात ठेव. हितं निम्म्या लोकांना वाचता येत न्हाय. तू सकाळ-रात्र लिहिशील, वाचणार कोण? म्हणून मी पेनानं सकाळच्या गोळीला सूर्य काढायची, रातच्या गोळीला चांद. माझं डोकं हां ते, डॉक्टरांचं न्हाय. ते तर म्हणाले, तू शिकली असतीस तर कुठं असतीस. लई फुगले होते मी तेव्हा. आता? आता चांद न्हाय काढत. ताट काढते, रातच्या जेवणाचं. का म्हणजे — असंच.

असंच न्हाय. आता तू अशी तोंडाकडं बघत बसलीस तर सांगावंच लागंल. एक म्हातारी यायची, डोंगरातल्या पाड्यावरची. बीपीची गोळी, रोज रात्री एक. मी चांद काढला, त्याच्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, आजी, हा दिसला की गोळी घ्यायची. बरं बाय, म्हणाली. बास, एवढंच माझं बोलणं. आणि महिना श्रावणाचा. श्रावणात चांद दिसतो कुठं? त्या लोकांना आभाळ कळतं, खेकडे धरायचे तरी काळोखी रात बघून निघतात — त्यांना चांद म्हणजे चांदच, रात न्हवे. बसत असंल बिचारी रोज अंगणात, आभाळ उघडायची वाट बघत. वीस दिवसांनी मुलगा टेम्पोत घालून घेऊन आला, अर्धं अंग गेलेलं, वाचा बंद. पाकीट उघडलं तर विसातल्या दोनच गोळ्या कमी. दोन रात्री उघडलं असंल आभाळ.

डॉक्टर चिडले, गोळ्या का न्हाय घेतल्या म्हणून. ती काय बोलणार? चांगल्या हाताचं बोट तिनं पाकिटावरच्या चांदावर ठेवलं आणि तो हात वर केला. परत चांदावर, परत वर. मुलगा रडायला लागला, म्हणाला, आई देवाला हाक मारते. डॉक्टर पण तेच म्हणाले. त्या खोलीत मला एकटीला कळलं, आणि मी तोंड उघडलं न्हाय. घाबरले. म्हातारीसाठी न्हाय गं, नोकरीसाठी घाबरले. लादी पुसणारीला एवढ्यावर आणून ठेवलं होतं, कोण सोडतं? वर्ष झालं, कोणाला बोलले न्हाय, घरात पण न्हाय. आज तुलाच कशी बोलले, काय माहीत.

अगं, तू का रडतेस? डोळे पूस. असं हळवं राहून हे काम जमणार न्हाय तुला. चल, कामाचं बघू. कोर्सचा एक कोरा फॉर्म हाय माझ्याकडं, भरून टाकू आत्ताच. फोटो आणलायस ना, दे इकडं — हे कशात घालून आणलेस फोटो?

हे तर आमच्या दवाखान्याचं पाकीट. हे अक्षर माझं हाय. राहीबाई. आणि हा चांद —

राहीबाई तुझी कोण?

आजी. अकलोलीच्या वरचा पाडा. मंग मघाशी दापोडं म्हणालीस ते — हां, कामाला दापोड्याला. कामाला. मीच नीट विचारलं न्हाय. आणि हे शिकायचंय ते तिच्यासाठीच ना, घरात तिचं बघणारं कोणी असावं म्हणून. बोल ना काहीतरी. शिव्या दे.

अजून हात वर करते ती?

रोज. आणि तुम्ही घरातले — काय करता तेव्हा?

तिच्याबरोबर हात जोडता.

हे पाकीट ठेव तुझ्याजवळ. फॉर्म पण घे. जा आता. न्हाय, मला काय विचारू नको, मला काय येत न्हाय पुढचं, जा तू. — सात नंबर. सात नंबर कोण हाय, आत या.