न विचारता दिलेला संगणक

मंडळी, जरा पुढे सरका, मागच्यांना टेकायला जागा द्या. आज एक साधाच प्रश्न घेऊन उभी आहे. एखाद्याचं भलं करायचं असेल, तर त्याला विचारावं लागतं का?

तुम्ही म्हणाल, त्यात विचारायचं काय! मनात माया आहे, हातात देण्यासारखं आहे — द्यावं आणि मोकळं व्हावं. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटायचं. तर ऐका.

सोलापुरात नरसय्या यम्पल्ली नावाचे गृहस्थ. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे. धंदा काय? चादरीवरची नक्षी काढणं! आपण चादरीवर झोपतो, पण तिच्यावरचं फूल आलं कुठून, हे कधी विचारलंय? आधी कुणीतरी ते चौकटींच्या कागदावर काढतं. मग पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात. पट्ट्या मागावर चढल्या, की भोक असेल तिथला दोरा वर उचलला जातो — आणि कापडावर फूल उमलतं.

अप्पांनी तरुणपणी ही भोकं हाताने पाडली. पुढे संगणक आला. नक्षी पडद्यावर काढायची, बटण दाबायचं, की शेजारचं यंत्र टकटक करत पट्ट्या कापायचं. अप्पांना ते फार मानवलं. संगणक मात्र म्हातारा झाला होता. सुरू व्हायला इतका वेळ, की तोवर अप्पांची पूजा आटपायची! आमच्या माहेरचा रेडिओ असाच होता. बटण फिरवलं की आधी तापायचा, मग घसा खाकरायचा, मग बोलायचा. तोवर आई चहाचं आधण ठेवून यायची. आम्ही कुणी त्याच्यावर रागावल्याचं आठवत नाही.

तर एक दिवस त्या संगणकावर सूचना आली. हे यंत्र जुनं झालं, नवी प्रणाली याच्यावर चालणार नाही, आणि जुन्या प्रणालीची देखभाल आम्ही थांबवत आहोत. अप्पांनी ती वाचली, कोपऱ्यातली फुली दाबली आणि डाळिंबाची वेल पुढे काढायला घेतली. किनारीला वेल, मध्ये फुटलेली डाळिंबं — असं काम त्यांनी आजवर केलं नव्हतं.

सूचना घाबरवून गेली ती त्यांच्या मुलाला, अंबादासला. बिलं, बँकेचे व्यवहार, सगळं तो त्याच संगणकावर करायचा. उद्या कुणी चोर आत शिरला तर? आता, मंडळी, त्याची भीती खोटी नव्हती हं. ज्या घराची राखण थांबली, ते घर उघडं ठेवून कुणी झोपत नाही.

पोरगा प्रेमळ. अप्पांची पंचाहत्तरी तोंडावर आलेली. त्याने नवाकोरा संगणक आणला. कळू नये म्हणून जुना पंचाहत्तरीच्याच सकाळी दुरुस्तीवाल्या मुश्ताकभाईंच्या दुकानात देऊन टाकला. औक्षण झालं, पाहुणे जमले, अंबादासने हार घातलेल्या संगणकावरचं कापड ओढलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आवडला ना, अप्पा?"

"छान आहे," अप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कळलं. भोकं पाडणाऱ्या यंत्राची रुंद वायर नव्या संगणकाला लावायला जागाच नव्हती. नक्षीचा जुना प्रोग्रॅम त्याच्यावर उघडत नव्हता. आणि डाळिंबाची अर्धी वेल जुन्याच्या पोटात गेली होती.

मग बोलले का नाहीत? अहो, भीड! व्याह्यांकडचा अळणी उपमा आपण 'फक्कड झालाय' म्हणत दोनदा घेतो की नाही? इथे तर पोटच्या पोराने हार घालून दिलेलं. अप्पा रोज सकाळी नव्या संगणकासमोर जाऊन बसू लागले. अंबादास कौतुकाने लोकांना सांगायचा, आमचे अप्पा आता आरामात काम करतात.

सून सुलोचना चहा द्यायला यायची. तिच्या लक्षात आलं, की यंत्राची टकटक ऐकू येत नाही. एका दुपारी तिने कप खाली ठेवला.

"मामा, दिवसभर याच्यावर करता काय?"

"पुसतो गं. धूळ बसते ना."

ती निघून गेली नाही, तिथेच खाली बसली. बराच वेळ गेला आणि अप्पा आपणहून सांगू लागले. वायरीचं सांगितलं, वेलीचं सांगितलं. शेवटी म्हणाले, "हात शाबूत आहेत, डोळे शाबूत आहेत, आणि मी घरात पाहुण्यासारखा बसलोय."

सुलोचनाने अंबादासला सांगितलं, तेव्हा तो जेवणावरून उठला. थेट मुश्ताकभाईंचं दुकान. जुना संगणक टेबलावर उघडून पडलेला, त्याच्या साठवणीची डबी बाजूला काढलेली. तिच्यातलं सगळं संध्याकाळी पुसून टाकायचं होतं, वेलीसकट. मुश्ताकभाईंनी सगळं पुन्हा बसवून दिलं आणि बजावलं, की याला आता इंटरनेटची वायर लावायची नाही. बाहेरच्या जगाशी याचा संबंध नको. घरातलं काम मात्र अजून करेल.

संगणक जागेवर आला. अंबादास दारातच उभा.

"अप्पा, मला सांगितलं का नाहीत?"

"विचारलंस कुठे?"

"विचारलं की. आवडला ना, म्हणून."

"पोरा, चार लोक टाळ्या वाजवत होते. मी दुसरं काय म्हणणार होतो?"

अंबादास जवळ येऊन बसला. "बरं, आता सांगा. या नव्याचं काय करू?" आणि यावेळी तो थांबला.

अप्पांनी विचार केला. "तुझी बिलं, बँक त्याच्यावर कर. ती भीती रास्त आहे तुझी. माझी वेल मला इथे काढू दे."

काही दिवसांनी पट्ट्या मागावर चढल्या आणि फुटलेली डाळिंबं चादरीवर उतरली.

मंडळी, आता तुमच्याकडे वळते. आईचा बटणांचा फोन तुम्ही तिच्या भल्यासाठीच बदलला, ठाऊक आहे मला. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी ओटा उंच करून घेतला, वडिलांची मोडकी खुर्ची काढून गुबगुबीत आणली. त्या फोनवर आई मावशीला अजून फोन लावू शकते का, पाहिलंत?

आज घरी गेलात, की तिच्याजवळ बसा. विचारा — आणि मग गप्प बसा. तिचं सांगून होईपर्यंत. देवाचं नाव त्यानंतर घेतलंत, तरी तो रागावणार नाही.