एकाच तळ्यातली बदके

बिबवेवाडीतील पशुवैद्यांकडे माझ्या मांजराचा क्रमांक येईपर्यंत शेजारच्या बाकावरील संभाषण ऐकू येत होते. दुर्गाबाईंच्या टोपलीत मान लुळी पडलेले बदक होते. शेजारीण प्रमिलाताई सोबतीला आल्या होत्या.

“तळं एकच, प्रमिलाताई. मग आजार बरोबर माझीच बदकं निवडतो!”

“अहो, पाणी आटलंय. अशा पाण्यात काही कुजलं, की विष तयार होतं. मी माझ्या बदकांना घरी पोटभर खाऊ घालून मगच सोडते.”

“तुमचं सगळंच शास्त्रोक्त. सोसायटीतली मुलंसुद्धा बदकं बघायला तुमच्याच काठावर उभी राहतात.”

“दुर्गाबाई, तळ्यात कुणी काही टाकतं का? डॉक्टर विचारतील.”

“शिळा भात. पंधरा दिवस. मीच.”

“कशासाठी?”

“तुमची बदकं माझ्या काठाला यावीत म्हणून.”

“आली?”

“एकही फिरकलं नाही. तळाशी कुजलेला भातसुद्धा माझीच उपसून खात बसली.”

आतून दुर्गाबाईंचे नाव पुकारले गेले. टोपली प्रमिलाताईंनी उचलली.

“आत खरं सांगा हं.”

“भाताचं सांगते. कशासाठी, ते नाही.”