आठवड्यातून एकच फेरा

दाताच्या दवाखान्यात दाढ धरून बसलेले शिंपीकाका समोर बघतच राहिले. एका गृहस्थांचा खालचा जबडा शिलाई मशीनच्या उघड्या खणासारखा पुढे आला होता. दोन्ही बाजूंना आई आणि बायको.

बायको शिंपीकाकांना सांगू लागली, “झोपेत श्वास अडकू नये म्हणून दातांवर बसवायचा हा साचा. आठवड्यातून एकदाच त्याची किल्ली फिरवायची, की जबडा जरासा पुढे. मी दर रविवारी फिरवत होते.”

“अगंबाई! तू विसरशील म्हणून मी दर सोमवारी फिरवत होते.”

“मला विचारायचं तरी, आई!”

“विचारलं असतं तर म्हणाली असतीस, विश्वास नाही माझ्यावर.”

“नव्हताच ना?”

गृहस्थांनी कसाबसा जबडा हलवला.

“तुम्हा दोघींच्या भरवशावर कोण राहतंय? दर बुधवारी मी फिरवत होतो!”