साहेबांच्या टेबलाखालून

हॅलो? … हॅलो, कोण? … ताई? अगं मोठ्याने बोल ना, तोंडात रुमाल कोंबलाय का? … कुठे? … टेबलाखाली? कुणाच्या? … तुझ्या आर्किटेक्ट साहेबांच्या! बरं. … नाही, हसत नाहीये. पाय प्लास्टरमध्ये आहे माझा, हसलं की आत खाज सुटते. … हो, हो, ऐकतोय.

म्हणजे सकाळी तू तावातावाने राजीनाम्याचं पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवलंस… आणि जेवणाच्या सुट्टीत विचार बदललास… म्हणून परत घ्यायला केबिनमध्ये शिरलीस… मिळालं का? … उघडलेलं नाही ना? … वा! मग निघ की. … दाराशीच उभे आहेत? कुणाशी बोलतायत? … कुरियरवाल्याशी. मग तासभर तरी.

अगं पण ऐक ना, योग बघ! माळ्यावरचा खोका खाली काढायला लावला आईला. मी आत्ता आपला टोपडेवाला खेळतोय! … कोण काय? आपला जुना व्हिडिओ गेम गं, टोपडं घालून गच्च्यांवरून उड्या मारणारा चोर! अख्खं शहर मोकळं, वाटेल तिथे शिरा, फक्त दिसायचं नाही. … हो, अकरा वर्षांनी. आणि मी या क्षणाला राजवाड्यातून पत्र चोरतोय, तू तिथे… थट्टा नाही करत! याहून बरा सल्लागार आहे का तुझ्याकडे? … भाऊजींना केलास फोन? काय म्हणाले? … 'मीटिंगमध्ये आहे.' बघ.

तर पहिलं, खाली वाक. … वाकलेलीच आहेस, छान. कचऱ्याची टोपली आहे का तिथे? … डोक्यावर घाल. … अगं खेळात चालतं! टोपडेवाला टोपली घालून भर दरबारातून जातो, पहारेकरी म्हणतात, 'वाऱ्याने हलली असेल.' … केळ्याची सालं आहेत? मग राहू दे. … पहारेकऱ्यांची तोंडं बघायला हवीत तू आता. उकडलेल्या बटाट्याला भुवया काढल्यासारखी. आपल्याला तेव्हा खरी वाटायची गं!

काय? … आले? … बोलू नकोस. फोनवर टिचकी मार. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. खुर्चीत बसले? … एक. तू दिसतेस त्यांना? … दोन. पाकीट हातात आहे? … एक. घाबरलीस? … एक, दोन, तीन… चार… बरं बरं, कळलं.

थांब, मेसेज आला तुझा. 'बूट काढलेत. डाव्या मोज्याला भोक. अंगठा बाहेर.' … ताई, हसू नकोस. … हसू नकोस हं. … 'अंगठा हलवतायत.' … ताई, श्वास घे. नाकाने. हळू.

उठले? … कुठे गेले? … हात धुवायला, नुसत्या मोज्यांवर. आणि दार? … सताड उघडं! पळ! … अगं पळ ना, काय करतेस? … वाचतेस? आत्ता? … वाच बाई, पण भराभर वाच.

'ग्रंथालयाचा आराखडा मी आठ महिने काढला. त्यावर तुमचं नाव आहे.' … पुढे? … 'याआधीच्या चार इमारतींवरही तुमचंच आहे. म्हणून मी जाते.' … संपलं? … नाही, चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. तूच लिहिलंस ना? … मग परत कशाला घेतेस?

… हॅलो? … हो, आहे मी. … मिळेल गं दुसरी नोकरी. नाही मिळाली लगेच, तर भाऊजी आहेत, आई आहे, मी आहे. मी सध्या एकाच पायावर आहे, पण आहे.

… कोण? ढेरपोट्या? खेळातला फाटकावरचा पहारेकरी? त्याचं काय आठवलं तुला मध्येच? … हो ना! दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्याला टरकून आपण नदीतून पोहत जायचो! … आज? आज कंटाळा आला पोहायचा. सरळ चालत गेलो त्याच्या नाकासमोरून. … काही नाही केलं. जांभई दिली. तो फक्त वाकून जाणाऱ्यांना पकडतो गं. आपण उगाचच… ताई? खरखर कसली? … बाहेर आलीस? शाब्बास, आता दाराकडे… पाकीट कुठे ठेवतेस? … परत टेबलावर? अगं, आत्ता तर चोरलंस! … बसतेस? कुठे? … त्यांच्या समोरच्या खुर्चीत. बरं. मी खेळ थांबवतो जरा.

आले? … फोन चालू ठेव, मी गप्प बसतो. … शप्पथ. …

… वाचतायत का? … एक. … अजून? चारच ओळी आहेत ना? … हां, आता येतोय आवाज. 'बसा'? तू बसलेलीच आहेस की! … गप्प, गप्प, मी गप्प. … 'तुमचं नाव घालतो, आजच घालतो'… ताई! घालतो म्हणाले! हो म्हण! नोकरी राहील, नावही येईल! मार एक टिचकी… दोन? अगं दोन का?

… काय सांगतेस त्यांना? … 'मी चाललेच आहे, आराखड्यावर तुमचंच नाव राहू द्या'… का राहू द्या? आठ महिने राबलीस ना? … 'तो कालच मंजुरीला गेला. त्यात स्वच्छतागृहांना दारं दाखवायची राहिलीत.'

… ताई? … सगळ्यांनाच? … अगं, कितव्या मजल्यापर्यंत? … हॅलो? … हॅलो?