जूनपर्यंत बसून राहा

"हॅलो?… हॅलो, कोण?… अगं बाई, कस्तुरामावशी! बोला, बोला… हाव, हॉलवरच आहे. उद्याच्या वर्गाची तयारी चाललीय… ए मन्मथ, वर घे तो फ्लेक्स! माझं नाव टेबलामागं जाऊन राहिलंय… नाही हो, तुम्हाला नाही. बोला तुम्ही."

वर्षाराणी मॅडमना लातुरात आता सगळे ओळखत होते. पक्कं लायसन हवं असेल तर तरण्या पोरापोरींनी आधी सुरक्षिततेचा वर्ग करायचा, अशी सक्ती आली, तेव्हा बाकीचे वर्ग घेणारे तक्ते वाचून दाखवण्यातच दमले. पोरं मागं बसून मोबाइल बघायची. मॅडमनी मात्र हिकमत लढवली. चाकूरजवळच्या एका गावातून कस्तुराबाईंच्या शिवमला व्हीलचेअरवर बसवून आणला आणि पोरांसमोर मधोमध ठेवला. दोन वर्षांपूर्वी हेल्मेट आरशाला अडकवून हा पोरगा नांदेड रोडवर अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीत घुसला होता. त्याला बघितलं की कॉलेजची पोरं पांढरीफटक पडायची. लातुरात कशाचाही पॅटर्न होतो, तसा याचाही होऊ घातला होता, आणि उद्या नांदेडची माणसं तो बघायला येणार होती.

"गाडी सकाळीच येईल, मावशी. आणि हां, मागच्या खेपेला तुम्ही त्याला भांग पाडून, पावडर लावून आणलं. नवरदेव वाटत होता! तसं नका करू. आहे तसाच आणा… दाढी? दाढी तर मुळीच नका करू… काय?… आनंदाची बातमी? सांगा की मग… कोण उभं राहिलं?… शिवम?… आपला शिवम?"

मॅडम हातातली चहाची कपबशी तशीच घेऊन खाली बसल्या.

"…कशाला धरून?… दाराच्या चौकटीला. बरं… आणि मग वॉकर घेऊन?… तुळशीपर्यंत. एकटा… हो, हो, ऐकतेय. 'माझं लेकरू उभं ऱ्हायलं', ऐकलं मी मावशी… नाही हो, खूश आहे ना! लई खूश आहे. रडू नका तुम्ही आता…"

नवऱ्याला सांगायच्या आधी कस्तुराबाईंनी मॅडमना फोन लावला होता. श्रीमंतराव शेतात होते आणि मोबाइल घरीच राहिला होता, हे एक. पण खरं म्हणजे त्या माउलीला वाटत होतं, या बाईनं व्यायाम करून घ्यायला रविकिरण डॉक्टरला फुकट धाडलं म्हणून पोरगा उभा राहिला, तर पहिला मान हिचाच. इतकी भोळी माणसं अजून जगात आहेत, आणि ती नेमकी असल्यांच्याच हाती लागतात, याचा राग येतो.

"पण मावशी, असं एकदम कसं काय?… रविकिरण तर म्हणाला होता, वर्ष लागेल अजून… अहो, घाई केली की त्यानं! … न्हाई, न्हाई, चांगलंच आहे. वाईट कोण म्हणतंय… काय करायचं म्हणतोय तो?… उद्या? इथं?… चालत?"

पलीकडून कस्तुराबाई बराच वेळ बोलत राहिल्या. मॅडम नुसत्या "हं… हं…" करत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठी चढत होती.

"…दारातून वॉकर घेऊन येणार. कुणी हात लावायचा नाही. मधल्या वाटेनं पोरांच्या समोरून जाणार… बापाचा नवा सदरा घालून?… अहो, ऐका ना. मावशी, ऐका तर…"

दोन वर्षं त्या पोराला कुणीतरी उचलून ठेवत होतं. खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून गाडीत, गाडीतून या हॉलमध्ये. मॅडम त्याच्या मागं उभ्या राहून म्हणत, "हा बघा," आणि सगळी पोरं त्याला बघत. त्याच्याच वयाची. त्यातल्या कुणाकडं त्याला मान वर करून बघता येत नसे. एकदा त्यांच्या समोरून स्वतःच्या पायांनी जायचं, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते उद्याच हवं होतं.

"नाही जमणार, मावशी… रागावत नाही हो. समजून घ्या. समोर कोण बसतं? अठरा-एकोणीसची पोरं. अंगात नुसती मस्ती. त्यांना काय दिसणार? एक पोरगा आपटला, दोन वर्षं पडून राहिला, अन् उठून चालायला लागला. म्हणजे मोडलं तरी जुळतंय! मग कोण घालतंय हेल्मेट?… बरोबर हाय का न्हाई?… तुमच्या शिवमचं चालणं बघून उद्या दुसऱ्या कुठल्या मावशीचं पोरगं गेलं, तर चालेल तुम्हाला?… सांगा ना, चालेल?… नाही ना चालणार?"

हा मुद्दा मॅडमना बोलता बोलताच सुचला होता. तो त्यांना इतका आवडला की त्या फ्लेक्स बांधणाऱ्या मन्मथकडं बघून हसल्या. बोलणाऱ्याची मातीही खपते म्हणतात, ते काही खोटं नाही. आणि खरं सांगायचं तर मुद्द्यात दम होता. म्हणून तर कस्तुराबाई चालण्याचं सोडून दुसरंच मागू लागल्या.

"…खुर्चीत बसूनच सांगू दे म्हणता? 'मी आता उभा राहतो' म्हणून?… छे छे, ते तर नकोच. बोलायचंच नाही. मागं एकदा त्यानं काहीतरी गंमत केली, तर पोरं हसत सुटली. पार विस्कटला वर्ग… अहो, कायमचं कुठं म्हणतेय मी? मी काय राक्षस आहे?… आत्ता बारावी झालेली पोरं लायसनला येऊन राहिलीत. हीच गर्दी. जूनपर्यंत. जूनपर्यंत बसून राहू दे त्याला. मग चालू दे, पळू दे, मी स्वतः येऊन हार घालते… घरात?… घरात चालला तर… नाही, अंगणात नको. तुमच्या गावची पोरं पण वर्गाला येतात, मावशी. कुणी व्हिडिओ काढला म्हणजे?… आतल्या खोलीत चालू दे. दार लावून… हो, मी रविकिरणला पण सांगते, जरा दमानं घे म्हणून."

यावर मात्र पलीकडचा आवाज चढला. मॅडमनी फोन कानापासून थोडा लांब धरला, चहाचा घोट घेतला, आणि पुन्हा कानाला लावला.

"झालं बोलून?… आता माझं ऐका. रविकिरण कशासाठी येतो तुमच्याकडं? शिवम वर्गाचा मुलगा, म्हणून येतो. तो वर्गातच नसेल तर रविकिरणला दुसरीकडं धाडावं लागेल… धमकी कसली त्यात? रीत सांगितली… उदगीरला एक कमलम्मा म्हणून आहेत. त्यांच्या नातवाला तर मानसुद्धा धरता येत नाही. किती दिवस झाले माझ्या मागं लागल्यात, 'आमच्या पोराला घ्या, आमच्या पोराला घ्या'. तुमच्यासाठी मी त्यांना थांबवून ठेवलंय… हो, तुमच्यासाठीच."

कमलम्मांना मॅडमनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. उदगीरच्या कुणाकडून असं एक पोर असल्याचं नुसतं ऐकलं होतं. पण नेम बसला. पोराला पुढं चालायला शिकायचं तर रविकिरण हवा, आणि रविकिरण हवा तर पोरानं न चालता बसायला हवं. इकडं आड, तिकडं विहीर. आईनं काय करायचं? कस्तुराबाईंनी तेच केलं, जे पोराच्या पायांसाठी कुठलीही आई करील.

"…हॅलो?… आहात ना?… बसवता ना मग?… जरा मोठ्यानं बोला… हां. शहाण्या आहात. मला माहीतच होतं… त्याला कोण सांगणार? तुमच्यानं होत नाही?… बरं, मी सांगते. द्या त्याच्याकडं… मन्मथ, खुर्ची मधोमध आण. लाइटखाली घे, हां, तिथंच… हॅलो, शिवम! अभिनंदन रे राजा!… तू ऐकलंस सगळं? मग बरंच झालं, माझे शब्द वाचले… बसशील ना?… बसतो म्हणतोस? शाब्बास! बघ, तुझी आई उगीच घाबरत होती."

अपघातानंतर शिवम सावकाश बोलायचा, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा. आज तो आणखीच सावकाश बोलत होता. तो वॉकर धरून उभ्यानंच, रागानं बोलत होता, ते काही फोनमधून दिसत नव्हतं. मॅडमना वाटलं, पोरगा समजूतदार निघाला.

"काय म्हणालास?… मान? हो, मान जरा डावीकडं कललेली बरी. आधी असायची तशी… हां, पार खांद्यावर टाक… हात मांडीत. बोटं आखडून… अरे वा, तुझं तूच विचारतोस की! कलाकार हायस… तोंड? थोडं उघडं चालेल… काय?… नीट बोल… लाळ पण गाळू?"

 लाळेचं खरंच मॅडमच्या डोक्यात आलं नव्हतं. लाइटखालच्या रिकाम्या खुर्चीकडं त्यांनी पाहिलं. मग पहिल्या रांगेकडं पाहिलं. नांदेडच्या पाहुण्यांसाठी तिथं पांढरे अभ्रे घातले होते, आणि तिथून खुर्ची अगदी जवळ होती.

"नाही रे, इतकं कशाला… बरं दिसतं का ते…" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "पण जमेल का तुला?… शिवम?… अरे, म्हणजे आपोआप जमत असलं तर… हॅलो?… हॅलो?"

फोन कट झाला होता. चाकूरकडं रेंजची बोंबच आहे, असं म्हणत मॅडमनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि खुर्चीच्या हाताला एक धुतलेला टॉवेल अडकवून ठेवायला मन्मथला सांगितलं.