सपाट नट आणि नवरीची गाडी

…आणि वर तो राडिशा मलाच विचारतो, "चाक निघून पडलं का? नाही ना? मग?" आता या माणसाला काय बोलायचं, तुम्हीच सांगा. शेजारी आहे, जीव लावणारा आहे, गाडीतलं आपल्याला सगळं कळतं असं त्याचं स्वतःचं मत आहे, आणि त्याचं शास्त्र एकच: "आटे जुळतायत ना? मग झालं."

झालं काय, ओग्न्येनच्या लग्नात मी कूम. कूम म्हणजे नुसता सही ठोकणारा साक्षीदार नव्हे हो, नवरीला चर्चपर्यंत सुखरूप पोचवायचं ते मीच. पणजोबांपासून त्या घरचे कूम आम्ही, चार पिढ्यांत कधी बोल लागला नाही. म्हटलं, नवरीला काय माझ्या गाडीच्या या खरचटलेल्या चाकांवरून न्यायचं? आणली नवी चकचकीत चाकं. बायको, ल्युबिंका, म्हणाली, "अहो, त्यांचे नट वेगळे असतात म्हणे, विचारा कुणाला तरी." विचारलं. कुणाला? राडिशाला. त्यानं जुनेच नट लावले, पान्यावर उभा राहून दोन उड्या मारल्या आणि म्हणाला, "आटे जुळतायत ना? मग झालं."

शनिवारी वरात निघाली. चौदा गाड्या, हॉर्न, अकॉर्डियन, सगळ्यांत पुढं मी. मागं नवरी यास्ना, माझ्या शेजारी नवऱ्याचे मिलिसाव काका, रीतिरिवाजांचे राखणदार. घाट लागला आणि डाव्या चाकातून धड्… धड्… धड्. मी काय करावं? रेडिओ मोठा केला. यास्ना म्हणते, "कूम, गाडी नाचतेय का?" म्हटलं, "रस्ता खराब आहे गं." रस्ता गेल्याच वर्षी केलेला.

शेवटी स्टिअरिंगच हातात थरथरायला लागलं तसा थांबलो. उतरून बघतो, दोन नट बोटानं फिरतायत आणि तिसरा जागेवरच नाही. खाली दरी. लोकांची लेक मागं बसवलेली आणि मी रेडिओ मोठा करतोय!

टायरवाल्याचं दुकान अर्धा किलोमीटर मागं गेलेलं. म्हटलं, हळूच मागं घेऊ. काका म्हणाले, "वरात आल्या वाटेनं मागं फिरत नाही." म्हटलं, मग मी एकटा चालत जातो. "कूमही वरातीतलाच." बरं, कुणाकडून नट घ्यावेत, तर माझी गाडी जपानी, बाकी तेरा गाड्यांच्या चाकांना नटच नाहीत, बाहेरून बोल्ट. मग कूम कुठून गेला? आलुबुखाराच्या बागेतून, ओढ्यातून, कुंपणावरून… ती आडवाट 'आल्या वाटे'त मोडत नाही ना! कोट फाटला, बूट चिखलात, आणि डोक्यात सारखं, आटे जुळतायत ना, मग झालं.

टायरवाल्या सेलिमिरनं मी खिशातून काढलेला सैल नट बघितला, मग मला बघितलं. "दादा, हा सपाट बुडाचा. नव्या चाकाचं भोक आत निमुळतं, त्याला निमुळत्या बुडाचाच नट लागतो. हा नुसता कडेवर टेकतो. आटे कितीही जुळोत, चाक धरतंय कोण?"

वीस नट घेऊन तो स्वतःच्या गाडीनं आला. प्रत्येक चाक उचललं, भोकं तपासली, समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळले, शेवटी मापाच्या पान्यानं, टक् आवाज आला की थांबायचं. राडिशा मागच्या गाडीतून येऊन म्हणतो, "आणखी एक उडी मारू का?" सेलिमिरनं त्याच्याकडं बघितलंही नाही. मला म्हणाला, "पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळून बघा."

चर्चला पोचलो पाऊण तास उशिरा. पाद्री चिडलेला, नवरा पांढराफटक. पण लागलं लग्न. आणि मी काय केलं माहितीये? जेवणाआधी गाडी काढली, उरलेले किलोमीटर एकट्यानं फिरवून पन्नास भरले आणि नट बघितले. परत आलो तर भाजलेलं डुक्कर संपलेलं.

आता परवा ओग्न्येनचा फोन. "कूम, मुलगी झाली. नाव तुम्हीच ठेवायचं, दुसऱ्या कुणाचा हक्कच नाही." डोळे भरून आले हो माझे. चार पिढ्यांचं नातं टिकलं म्हणजे. म्हटलं, येतो, बाप्तिस्म्याला तिघांनाही चर्चला मीच घेऊन जातो. तर फोन यास्नानं घेतला, आवाज अगदी गोड.

"कूम, दहाची बस आमच्या दारातच थांबते. आम्ही तिनंच चर्चला जाऊ, तुम्हीही तिनंच या."